थंडीत गुमतारा चढायचाय? आधी उतरण्याचा हिशेब करा

भिवंडी : दिवाळी सरली, भात खळ्यावर आलं आणि सकाळची थंडी अंगाला लागायला लागली, की भिवंडी-वाडा रस्त्यावर दुगाड फाट्याला सुट्टीच्या दिवशी वेगळीच गर्दी दिसू लागते. पाठीवर सॅक, हातात काठी, मोबाइलवर नकाशा. कुणी मुंबई-ठाण्याहून आलेलं, कुणी कल्याणचं, तर कुणी आपल्याच तालुक्यातलं. सगळ्यांचा प्रश्न एकच : गुमताऱ्याची वाट कुठून?

पावसाळ्यात निसरडं, उन्हाळ्यात भट्टी. म्हणून डोंगर चढायचा तर हिवाळ्यात, असं सगळेच मानतात. ते खरंही आहे. पण सोपा ऋतू म्हटला की माणूस गाफील होतो. पावसात चार वेळा विचार करून पाऊल टाकणारा डिसेंबरात चप्पल घालून, एक लिटर पाणी घेऊन निघतो. मग रात्री आठ वाजता गावात फोन येतो, आणि बॅटऱ्या घेऊन जंगलात जायची पाळी गावातल्या पोरांवर येते. म्हणूनच थंडीच्या दिवसांत हा डोंगर नेमका कसा असतो, हे नीट समजून घ्यायला हवं. बाहेरच्यांनी तर हवंच, पण ‘आपलाच डोंगर आहे’ म्हणणाऱ्यांनीही.

डोंगर लहान, पण चढ खरा

गुमतारा हा भिवंडी तालुक्यातला डोंगरी किल्ला. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट. शेजारच्या शहापूर तालुक्यातला माहुली २८०० फुटांच्या वर जातो, त्यामानाने गुमतारा बुटका. पण पायथ्याचं दुगाड गाव सखल भागात असल्याने गावापासून माथ्यापर्यंतचा चढ दीड हजार फुटांहून जास्त भरतो. सवयीच्या माणसाला दोन तास, नवख्याला तीन तास धरावेत.

गडावर दरवाजाचे आणि तटबंदीचे अवशेष आहेत, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मुक्कामाला छप्पर नाही. हॉटेल, टपरी, दिवा यांतलं काहीच नाही. माथ्यावरून तानसा नदीचं खोरं दिसतं, वज्रेश्वरीकडचा परिसर दिसतो, पश्चिमेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर. हवा स्वच्छ असेल तर लांब माहुलीचे सुळकेही ओळखता येतात. माहुलीला जाणाऱ्यांची संख्या जास्त असल्याने तिथली वाट मळलेली आणि रुंद झालेली आहे. गुमताऱ्याला माणसं कमी, जंगल दाट, म्हणून वाट हरवण्याची शक्यता इथे जास्त.

धुकं : १७८० मध्येही असंच होतं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दुगाड, अंबाडी, वज्रेश्वरी भागात धुकं उतरतं. त्यामागचं कारण साधं आहे. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री लवकर थंड होते. डोंगरावरची थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खाली खोऱ्यात साचते. नदी, ओढे आणि ओली शेतं यांचा दमटपणा त्या थंड हवेत गोठल्यासारखा होतो आणि धुकं तयार होतं. म्हणूनच पहाटे कित्येकदा गावात कडाक्याची थंडी असते आणि अर्ध्या डोंगरावर गेलं की उलट ऊबदार वाटतं. जुनी माणसं ‘खाली जास्त गारठा’ म्हणतात, ते अनुभवाचं बोलणं आहे.

या धुक्याने दुगाडच्या इतिहासातही एक दिवस गाजवला आहे. १७८० च्या डिसेंबरात वसईच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला होता. मदतीला निघालेल्या मराठी फौजेला कर्नल हार्टलेच्या तुकडीने दुगाडजवळ अडवलं. १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुक्याचा आडोसा घेऊन सरदार रामचंद्र गणेश यांनी चाल केली. मराठी सैन्य इंग्रजी चौक्यांच्या अगदी जवळ पोचलं आणि एकाएकी धुकं विरलं. फौज उघड्यावर तोफांच्या माऱ्यात सापडली. रामचंद्र गणेश तिथेच धारातीर्थी पडले. वसईचा किल्ला आदल्याच दिवशी इंग्रजांच्या हाती गेला होता.

आज गुमतारा चढणाऱ्या कितीतरी जणांना पायथ्याच्या या लढाईची गोष्ट माहीत नसते. पण धुक्याचा स्वभाव तोच आहे : दाट असतं तेव्हा दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि जातं तेव्हा पाहता पाहता जातं. म्हणून धुक्यात जंगलात शिरण्याची घाई करू नये. गावात चहा घ्यावा, वाटेची चौकशी करावी. ऊन वर आलं की साधारण आठ-नऊच्या सुमारास धुकं फाटतं. पाऊलवाटेची सुरुवात नीट दिसली तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

सकाळी स्वेटर, दुपारी घाम

कोकणपट्टीतली थंडी ही सकाळ-संध्याकाळची थंडी आहे. पहाटे अंगावर शाल लागते आणि त्याच दिवशी दुपारी पारा तिशीच्या आसपास किंवा वर जातो. डोंगराच्या वरच्या टप्प्यात झाडं विरळ झाली की ते ऊन थेट डोक्यावर येतं.

गोची अशी, की हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो. घाम दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाही. तहानही उन्हाळ्याइतकी लागत नाही. प्रत्यक्षात अंगातलं पाणी चाललेलंच असतं. मग दुपारी एकच्या सुमारास डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, पाय लटपटतात. उतरताना पडणाऱ्यांत अशी थकलेली माणसं बरीच असतात.

त्यावर उपाय सोपा आहे. माणशी तीन लिटर पाणी गावातूनच भरून न्यावं. तहान लागो न लागो, दर अर्ध्या तासाने चार घोट घ्यावेत. सोबत मीठ-साखरेचं पाणी, लिंबू, गूळ-शेंगदाणे ठेवावेत. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर मुळीच जाऊ नये. पावसाळ्यानंतर टाक्यांत पाणी दिसतं, पण साचलेलं असतं, पानं कुजलेली असतात, आणि हिवाळा सरत जातो तसं ते आटत जातं. अर्धं पाणी संपलं आणि माथा अजून लांब असेल, तर तिथूनच मागे फिरावं.

कोरडी वाटही घसरते

पाऊस नाही म्हणजे घसरणं नाही, हा मोठा गैरसमज. पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो, हिवाळ्यात मुरमावरून. पावसाने धुवून आणलेली बारीक खडी वाटेवर सुटी पडलेली असते. तिच्यावर टाच टेकली की पायाखाली गोट्या ठेवल्यासारखं होतं. त्यात साग आणि इतर झाडांची पानगळ सुरू होते. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं. त्याच्याखाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा आहे, हे दिसत नाही.

चढताना हे जाणवत नाही, कारण शरीराचा भार पुढे असतो. उतरताना भार टाचेवर येतो आणि माणूस बसतो. म्हणून गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट, चप्पल, सँडल घालू नयेत. पकड असलेले बूट हवेत, मग ते साधे का असेनात. उतरताना पावलं लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि घसाऱ्यावर पाऊल थोडं आडवं टाकावं. हातात बांबूची काठी असली तर तिसरा पाय मिळतो. तीच काठी पाचोळा चाचपायलाही उपयोगी पडते.

अंगभर कपडे हवेत ते वेगळ्या कारणासाठी. पावसात वाढलेलं गवत नोव्हेंबर-डिसेंबरात कमरेपर्यंत, काही ठिकाणी डोक्यापर्यंत उभं असतं आणि त्याची कुसळं पिकलेली असतात. अर्ध्या चड्डीत गेलेला माणूस संध्याकाळी पाय खाजवत बसतो.

चढताना एक वाट, उतरताना दहा

डोंगरात वाट चुकण्याचे प्रकार बहुतेक वेळा उतरताना घडतात. असं का, हे समजलं तर चूक टळते.

डोंगर वर निमुळता होत जातो. त्यामुळे चढताना वेगवेगळ्या वाटा एकमेकींना मिळत जातात. थोडं इकडे-तिकडे झालं तरी माणूस शेवटी माथ्याकडेच पोचतो. उतरताना उलटं होतं. प्रत्येक सोंडेवर एकीच्या दोन, दोनाच्या चार वाटा फुटतात. एक ढोरवाट असते, एक लाकूडफाट्याची, एक गवत कापणाऱ्यांची. सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. एका फाट्यावर चुकलं की माणूस भलत्याच बाजूच्या खोऱ्यात, भलत्याच गावाच्या दिशेने उतरतो, किंवा कुठेच पोचत नाही.

म्हणून चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहायचं. उतरताना वाट जशी दिसणार आहे, तशी ती आत्ताच डोळ्यांत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात साठवायची. मोठं झाड, वेगळा दगड, वारूळ, कुंपण अशी खूण फोटोत यायला हवी.

दुसरा धोका कोरड्या ओढ्यांचा. वाट हरवलेला माणूस हमखास ओढ्यात उतरतो. त्याला वाटतं, पाणी खाली जातं म्हणजे ओढा गावाला नेणारच. पण पाणी कड्यावरून उडी मारून जातं, माणसाला ते जमत नाही. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज लांबूनच सावध करतो. हिवाळ्यात तोच धबधबा कोरडा आणि मुका असतो. घळीतून दगड उतरत उतरत माणूस अचानक पंचवीस-तीस फुटांच्या कड्याच्या तोंडाशी येतो. खाली जाता येत नाही आणि उतरून आलेला मोठा दगड परत चढता येत नाही. गावातली पोरं ज्यांना शोधायला जातात, ते बऱ्याचदा असेच घळीत अडकलेले असतात.

नियम एकच : वाट चुकली असं वाटलं की पुढे उतरायचं नाही. थांबायचं, पाणी प्यायचं, आणि ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत परत वर जायचं. अर्धा तास जाईल, पण माणूस सापडण्याच्या जागी राहील.

दिवस दोन तासांनी लहान

जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर तो सहाच्या आसपास बुडतो आणि सकाळी सातनंतरच उगवतो. म्हणजे उन्हाळ्याच्या मानाने दोन तासांहून जास्त उजेड कमी. जंगलात तर अंधार आणखी आधी येतो. डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला ऊन लवकर जातं आणि घळीत, दाट झाडीत पाचलाच वाट दिसेनाशी होते.

म्हणून हिशेब वरून खाली मांडायचा. पायथ्याला दुपारी तीनपर्यंत परत यायचं ठरवलं, तर माथा साडेबारापर्यंत सोडायला हवा. माथ्यावर तासभर हवा, तर साडेअकरापर्यंत पोचायला हवं. म्हणजे गावातून साडेआठच्या आत निघायला हवं. दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग माथा समोर दिसत का असेना. तीन वाजता खाली आलेल्या माणसाकडे उजेडाचे तीन तास शिल्लक असतात. हीच शिल्लक वाट चुकल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर कामी येते.

मोबाइलची बॅटरी ही टॉर्च नव्हे. एक वेगळी विजेरी माणशी सोबत हवी, दिवसाचा बेत असला तरीही.

मोहोळ आणि साप

कड्याकपारीला आग्या मोहोळं असतात. ती बहुतेक वेळा धूर, मोठा आवाज, दगड मारणं यामुळे उठतात. उग्र वासाच्या अत्तरांनीही माश्या चिडतात. माश्या उठल्या तर हात झाडत उभं राहू नये. तोंड-डोकं कपड्याने झाकून शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून लांब जावं, पण कड्याच्या दिशेने पळू नये. बरेच डंख बसले, सूज चढली किंवा श्वास लागला, तर तातडीने दवाखाना गाठावा.

‘थंडीत साप नसतात’ हेही अर्धसत्य. थंडीत साप उन्हाला येतात, आणि ऊन नेमकं वाटेवर, दगडावर, पठारावर असतं. घोणस तर हिवाळ्यात बऱ्यापैकी फिरते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा आवाज ऐकू आला की जागीच थांबावं आणि हळूच मागे सरकावं. दगडांच्या खाचेत न बघता हात घालू नये. चावा झालाच तर चिरा मारणं, आवळपट्टी बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नये. त्या माणसाला चालायला लावू नये. चावा झालेला हात-पाय हलू न देता उचलून खाली आणावं आणि सरळ रुग्णालय गाठावं. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा.

मोबाइल : नेटवर्क नसलं तरी जागा कळते

जंगलात नेटवर्क गेलं की बरेच जण फोन खिशात टाकतात. पण जागा दाखवणारा निळा ठिपका उपग्रहावरून चालतो, त्याला नेटवर्क लागत नाही. फक्त नकाशा आधी घरी उतरवून ठेवलेला हवा. ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, एक अक्षांशाचा आणि एक रेखांशाचा. वाट चुकल्यावर हे आकडे कळवले, की शोधणाऱ्याला नेमकी जागा मिळते. ‘एका मोठ्या झाडाखाली आहोत’ या निरोपावर रात्री जंगलात कुणालाच शोधता येत नाही.

संकटात ११२ लावावा. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीचं असेल तर हा फोन लागू शकतो. वन विभागाचा क्रमांक १९२६ आहे. फोन सारखा नेटवर्क शोधत राहिला तर बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून चढताना विमान मोडवर ठेवावा. निघण्याआधी घरी आणि गावात एका माणसाला सांगून ठेवावं : किती जण आहोत, कोणत्या वाटेने चाललो, किती वाजता उतरणार.

मोबाइलवर दुसऱ्याने नोंदवलेली वाट मिळते, तिच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. पावसाळ्यात नोंदवलेली वाट डिसेंबरात गवताखाली गेलेली असू शकते, आणि नोंदवणारा स्वतःच चुकलेला असेल तर त्याची चूकही त्या रेषेत आलेली असते.

वाटाड्या आणि गावाचं गवत

इथे आपल्याच लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. आजोबांच्या पिढीने हा डोंगर गुरं, लाकूडफाटा आणि रानभाज्यांच्या निमित्ताने पायाखाली घातला होता. आजची पोरं गोदामात, कारखान्यात कामाला जातात. त्यांनाही डोंगर रोज दिसतो, पण चरणीच्या पुढची वाट ठाऊक असेलच असं नाही. पाहुण्याला पुढे नेण्याआधी स्वतः एकदा जाणत्या माणसाबरोबर जाऊन यावं. पायथ्याच्या पाड्यांतली आदिवासी मंडळी आजही हे जंगल नीट ओळखतात. बाहेरून येणाऱ्यांनी असा वाटाड्या घ्यावा आणि पैसे आधीच ठरवून पूर्ण द्यावेत. त्याचा दिवस मोडतो, हे विसरू नये.

आणि आग. डिसेंबरपासून गवत वाळतं, फेब्रुवारीपासून वणव्यांचा काळ सुरू होतो. एक विडी, न विझवलेली एक चूल पुरते. जंगलात आग लावणं हा वन कायद्याने गुन्हा आहेच. पण गावाचं नुकसान त्याहून मोठं असतं : गुरांची वैरण जाते, गवत कापून विकणाऱ्या घराची कमाई जाते. त्यामुळे जेवण घरून बांधून न्यावं, डोंगरावर चूल पेटवू नये. पायथ्याच्या शेतात वाल-हरभरा उभा असतो; फोटोसाठी बांध सोडून आत शिरू नये. रिकाम्या बाटल्या ज्या सॅकमधून वर गेल्या, त्याच सॅकमधून खाली आणाव्यात.

डोंगर उतरला, रस्ता बाकी

दिवसभर चाललेला माणूस संध्याकाळी दुचाकीवर बसतो तेव्हा खरी परीक्षा असते. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे, धूळ आणि अवजड गाड्या तालुक्याला नव्याने सांगायला नकोत. त्यात थंडीत लवकर पडणारा अंधार आणि जडावलेले डोळे. गावात अर्धा तास बसावं, चहा-पाणी घ्यावं, हेल्मेट घालूनच निघावं, आणि झोप येत असेल तर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.

निघण्याआधी एवढं बघा

– माणशी ३ लिटर पाणी, कोरडा खाऊ, मीठ-साखर
– पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, काठी
– वेगळी विजेरी, पूर्ण चार्ज फोन, आधी उतरवलेला नकाशा
– किमान चार जण. एकट्याने जाऊ नये
– सकाळी साडेआठच्या आत गावातून निघणं, दुपारी बाराला परत फिरणं
– वाट चुकली तर वर, ओढ्यात नाही
– ११२, १०८ आणि १९२६ हे क्रमांक कागदावरही लिहून
– खाली उतरल्यावर, ज्याला सांगून गेलात त्याला ‘पोचलो’ असा फोन. तो राहिला, तर गावातली माणसं उगाच बॅटऱ्या घेऊन निघतात.